तेरा बिंदू आणि दोनशे बिंदू : विद्यापीठांतील अध्यापकभरतीचा आरक्षणवाद

स्वतंत्र भारतात आरक्षणावरून झालेले बहुतेक मोठे वाद कोणाला आणि किती या दोन प्रश्नांभोवती फिरत राहिले. विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांच्या भरतीत मात्र १९८० च्या दशकापासून एक तिसराच प्रश्न पुढे आला आणि तो म्हणजे ठरलेली टक्केवारी नेमकी कशाच्या मानाने मोजायची, संपूर्ण विद्यापीठ हे एक एकक धरून की प्रत्येक विषयाचा विभाग वेगळा धरून. या वादात टक्केवारीला कोणीही हात लावला नाही. अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी साडेसात आणि इतर मागासवर्गांसाठी २७ हे केंद्रीय सेवांचे आकडे कागदावर जसेच्या तसे राहिले, आणि तरीही २०१८ साली केवळ मोजण्याचे एकक बदलल्याबरोबर केंद्रीय विद्यापीठांच्या जाहिरातींतून राखीव जागा जवळजवळ नाहीशा झाल्या. राज्यघटनेने दिलेला अधिकार घटनेला धक्का न लावता, निव्वळ हिशेबाच्या रीतीने किती आकसू शकतो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही प्रकरणात क्वचितच दिसले असेल.

वादाचा उलगडा होण्यासाठी काही संज्ञा आधी समजून घेणे आवश्यक आहे. एकाच दर्जाच्या आणि एकत्र मोजल्या जाणाऱ्या पदांच्या गटाला सेवाविषयक नियमांत ‘संवर्ग’ म्हणतात. त्या संवर्गातील पदांना ओळीने क्रमांक देऊन कोणत्या क्रमांकाचे पद कोणत्या प्रवर्गाला, हे ज्या तक्त्यात आधीच ठरवून ठेवलेले असते त्याला महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात ‘बिंदुनामावली’ असे नाव आहे, आणि तिच्यातील प्रत्येक क्रमांक म्हणजे एक ‘बिंदू’. राखीव बिंदूवर त्या प्रवर्गातील उमेदवार नेमला न गेल्यामुळे वर्षानुवर्षे साचत जाणारी तूट ‘अनुशेष’ म्हणून ओळखली जाते. संवर्ग मोठा असला की बिंदुनामावली लांब होते आणि सर्व प्रवर्गांचे बिंदू तिच्यात सामावतात. संवर्ग लहान केला की यादीच इतकी आखूड होते की उशिरा येणारे बिंदू तिच्या बाहेर पडतात. पुढील सारा संघर्ष या एका गोष्टीतून उभा राहिला.

मोजमापाचा हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात काढलेल्या हुकुमात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भरण्याचे ठरवले होतेच. शिवाय ज्या ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी आणि प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता सादर करावा, असेही त्यात म्हटले होते. हुकूम काढून भागत नाही, तो कोठे आणि कसा मोजला जातो यावर त्याचे फळ अवलंबून असते, हे महाराजांनी पहिल्याच पावलावर ओळखले होते. पुढे १९४३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना, केंद्र सरकारच्या सेवांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या, आणि १९५० च्या राज्यघटनेने अनुच्छेद १६ च्या चौथ्या खंडात मागास वर्गांसाठी नेमणुका व पदे राखून ठेवण्याची मुभा राज्यसंस्थेला दिली.

विद्यापीठांत मात्र ही तरतूद फार सावकाश पोहोचली. विद्यापीठे स्वायत्त, त्यांचे अधिनियम वेगळे, त्यांच्या निवड समित्या वेगळ्या, आणि सरकारी खात्यांसाठी निघालेले आदेश त्यांना आपोआप लागू होत नसत. अध्यापकांची पदे त्या काळी अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक अशा तीन पायऱ्यांवर होती, ज्यांना आज सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक म्हणतात, आणि आरक्षण आले तेही बराच काळ सर्वांत खालच्या पायरीवरच रेंगाळले. वरच्या पायऱ्यांविषयीचा संकोच न्यायालयांच्या निकालांतही उमटलेला दिसतो. मंडल आयोगाच्या शिफारशींवरील इंद्रा सहानी प्रकरणात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गांचे २७ टक्के आरक्षण वैध ठरवताना, ज्या पदांवर आरक्षण ठेवणे उचित होणार नाही अशा काही पदांची उदाहरणे दिली आणि त्यांत शिक्षणक्षेत्रातील प्राध्यापकपदांचाही उल्लेख केला. तो उल्लेख बंधनकारक आदेशाच्या स्वरूपाचा नव्हता, तरी वरच्या पदांवरील आरक्षणाला विरोध करणाऱ्यांना त्याचा आधार मिळाला.

एककाचा वाद प्रथम ठळकपणे उभा राहिला तो नागपुरात. नागपूर विद्यापीठाने जुलै १९८४ मध्ये ७७ अध्यापकपदांसाठी जाहिरात दिली. त्यांत १३ प्राध्यापक, २९ प्रपाठक आणि ३५ अधिव्याख्याते होते. राखीव जागा किती याचा एकत्रित आकडा जाहिरातीत होता, पण त्या जागा कोणत्या विषयातील हे सांगितलेले नव्हते. या तपशिलाचा परिणाम उमेदवाराच्या बाजूने पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. इतिहासाचा पदवीधर रसायनशास्त्राच्या पदासाठी अर्ज करू शकत नाही. त्यामुळे अमुक इतक्या अधिव्याख्यात्यांच्या जागा राखीव आहेत एवढेच वाचणाऱ्या अनुसूचित जातीच्या उमेदवाराला आपल्या विषयात जागा आहे की नाही हे कळत नव्हते आणि खुल्या प्रवर्गातील उमेदवारालाही ते कळत नव्हते. त्याहून गंभीर भाग असा की, अर्ज हाती आल्यानंतर आणि कोण कोण उमेदवार आहेत हे पाहून झाल्यानंतर, कोणत्या विषयातील जागा राखीव धरायची हे ठरवण्यास निवड करणाऱ्यांना पूर्ण मोकळीक राहत होती. नागपूर विद्यापीठ अधिनियम, १९७४ नुसार राखीव पदांची माहिती जाहिरातीतच देणे आवश्यक होते, आणि विषयाचा उल्लेख नसेल तर ती माहिती दिली असे म्हणता येते का, हा न्यायालयापुढील मुद्दा होता.

मुंबई उच्च न्यायालयातून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सुरेशचंद्र वर्मा विरुद्ध कुलपती, नागपूर विद्यापीठ या नावाने १९९० साली त्याचा निकाल लागला. राखीव पदे विषयवार जाहीर केलीच पाहिजेत, तसे न करणारी जाहिरात कायद्याला धरून नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि त्या जाहिरातीवर झालेल्या नेमणुका टिकल्या नाहीत. काही वर्षे वर्गात उभे राहून शिकवलेल्या अध्यापकांच्या नोकऱ्या स्वतःचा काही दोष नसताना गेल्या, आणि प्रशासनाच्या ढिलाईची किंमत उमेदवाराने मोजण्याचा जो प्रकार या क्षेत्रात पुढे पुन्हा पुन्हा घडला त्याची ही ठळक सुरुवात म्हणावी लागेल. या निकालाचा गाभा पारदर्शकतेत होता. कोणती जागा कोणाची हे सर्वांना आधी कळावे, ही त्याची मागणी होती, आणि ती राखीव उमेदवाराच्या तितकीच हिताची होती. मात्र ‘विषयवार’ हा त्यातील एक शब्द पुढे त्या हेतूपासून सुटा झाला आणि २७ वर्षांनी प्रत्येक विषयाचा विभाग हाच स्वतंत्र संवर्ग मानण्याचा आधार म्हणून वापरला गेला.

याच सुमारास एकाकी पदाचा, म्हणजे ज्या संवर्गात एकच पद आहे अशा पदाचा, प्रश्नही न्यायालयांत गाजत होता. बिहारमधील चक्रधर पासवान प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एकच पद असलेल्या संवर्गात ते पद राखीव ठेवले तर आरक्षण १०० टक्के होते आणि ते समान संधीच्या तत्त्वाविरुद्ध आहे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात १९९८ साली घटनापीठाने हेच मत कायम केले आणि पाळीपाळीने आरक्षण देण्याची पळवाटही एकाकी पदासाठी बंद केली. कर्नाटकात गुलबर्गा विद्यापीठाच्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९० मध्ये विषय हाच घटक धरला होता, आणि के. गोविंदप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही महाविद्यालयातील एका विषयाचे एकुलते एक अधिव्याख्यातापद राखीव ठेवता येणार नाही असे ठरवले. या निकालांपैकी प्रत्येक आपापल्या वस्तुस्थितीत समजण्यासारखा आहे; पण विद्यापीठातील बहुतेक विभागांत प्राध्यापकाचे पद एकच असते हे लक्षात घेतले तर त्यांची बेरीज कोठे जाणार होती हे उघड होते.

दरम्यान सरकारी नोकऱ्यांतील बिंदुनामावलीचेच स्वरूप बदलले. आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात १९९५ साली घटनापीठाने सांगितले की बिंदू रिक्त जागेशी नव्हे तर पदाशी बांधलेला असतो. संवर्ग एकदा पूर्ण भरला की यादीचे काम संपते आणि यापुढे ज्या प्रवर्गाची व्यक्ती निवृत्त होईल त्याच प्रवर्गातून तिची जागा भरायची. त्यानुसार केंद्राच्या कार्मिक खात्याने २ जुलै १९९७ रोजी नवे आदेश काढले. अखिल भारतीय खुल्या स्पर्धेने होणाऱ्या सरळसेवा भरतीसाठी, म्हणजे बढतीने न होता थेट बाहेरून होणाऱ्या भरतीसाठी, २०० बिंदूंची नामावली ठरली, आणि ज्या संवर्गात १३ किंवा त्याहून कमी पदे आहेत त्यांच्यासाठी वेगळी आखूड नामावली आली, जी पुढे ‘तेरा बिंदू’ या नावाने देशभर ओळखली गेली.

या दोन नामावल्यांतील अंतर साध्या भागाकाराने कळते. शंभराला टक्केवारीने भागले म्हणजे कितव्या पदाला त्या प्रवर्गाची एक जागा पूर्ण होते हे निघते. इतर मागासवर्गांचे २७ टक्के म्हणजे ३.७, म्हणून त्यांचा पहिला बिंदू चौथा; अनुसूचित जातींचे १५ टक्के म्हणजे ६.६७, म्हणून त्यांचा सातवा. अनुसूचित जमातींचे साडेसात टक्के म्हणजे १३.३३, म्हणून त्यांचा चौदावा. एका विद्यापीठात सहायक प्राध्यापकांची २०० पदे असतील आणि विद्यापीठ हे एकक धरले, तर त्यांपैकी ३० अनुसूचित जातींना, १५ अनुसूचित जमातींना आणि ५४ इतर मागासवर्गांना मिळतात आणि १०१ खुली राहतात. आता तीच २०० पदे प्रत्येकी चार पदांच्या ५० विभागांत वाटली आणि विभाग हे एकक धरले, तर प्रत्येक विभागात पहिली तीन पदे खुली आणि चौथे इतर मागासवर्गाचे; अनुसूचित जातीचा सातवा आणि जमातीचा चौदावा बिंदू ५० पैकी एकाही विभागात भरतीच्या वेळी येत नाही. एकही नियम न मोडता ३० आणि १५ या दोन्ही आकड्यांचे शून्य होते.

आखूड नामावलीत फिरत्या पाळीची सोय आहे, म्हणजे माणसे निवृत्त होत जातील तसा बिंदू पुढे सरकतो, हा यावरचा प्रतिवाद होता. त्याचाही हिशेब मांडून पाहावा. चार पदांच्या विभागात पाचवा बिंदू पहिल्या निवृत्तीनंतर येतो, सातवा तिसऱ्या निवृत्तीनंतर आणि चौदावा दहाव्या निवृत्तीनंतर. एक अध्यापक सर्वसाधारणपणे २५ ते ३० वर्षे सेवा करतो असे धरले, तर चारही पदे दोनदा बदलून तिसरा फेरा सुरू झाल्यावरच अनुसूचित जमातीच्या पहिल्या उमेदवाराची पाळी येणार, आणि त्याला ५० ते ७५ वर्षे लागणार. आज जन्मलेल्या आदिवासी मुलीला त्या विभागात आपल्या प्रवर्गातून शिकवण्याची संधी तिच्या स्वतःच्या निवृत्तीच्या वयाच्या आसपास मिळेल, असा या सोयीचा अर्थ होतो. प्राध्यापकाच्या एकाकी पदाला तर तीही सोय नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाला हा धोका दिसला होता. कार्मिक खात्याच्या विचारणेनंतर आयोगाने जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील प्राध्यापक रावसाहेब काळे यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली आणि तिच्या कामावर आधारित मार्गदर्शक सूचना ऑगस्ट २००६ मध्ये निघाल्या. समान वेतनश्रेणीची सर्व पदे, विषय कोणताही असो, एका संवर्गात धरावीत आणि विद्यापीठ किंवा महाविद्यालय हेच आरक्षणाचे एकक मानावे, असे त्या सूचनांत होते. विभागवार मोजणी केली तर लहान विभागांतून राखीव जागा कधीच निघणार नाहीत, ही समितीची भूमिका निव्वळ गणितावर उभी होती आणि ते गणित खोडून काढणे कोणालाही जमलेले नाही. पुढची दहा-अकरा वर्षे केंद्रीय विद्यापीठांची भरती, जेथे झाली तेथे, याच चौकटीत झाली.

ही चौकट मोडली ती वाराणसीतून. बनारस हिंदू विद्यापीठाच्या भरतीच्या जाहिरातीला आव्हान देणारी याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयात दाखल झाली आणि विवेकानंद तिवारी विरुद्ध केंद्र सरकार या प्रकरणात ७ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने २००६ च्या सूचनांतील विद्यापीठ हे एकक मानणारी कलमे रद्द केली. निकालाची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. निरनिराळ्या विषयांचे अध्यापक एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, त्यांच्या एकमेकांच्या जागी बदल्या होत नाहीत, त्यामुळे केवळ वेतन सारखे म्हणून ते एका संवर्गाचे ठरत नाहीत. आणि विद्यापीठ हे एकक धरले तर एखाद्या विभागात सगळीच पदे राखीव आणि दुसऱ्यात एकही नाही असे घडू शकते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. नागपूर, गुलबर्गा आणि गोविंदप्पा या निकालांचा आधार त्याला होता.

यातील विषमतेची तक्रार खोटी नव्हती. एकाच विभागावर राखीव बिंदूंचा भार पडणे आणि दुसरा विभाग पूर्णपणे खुला राहणे असे प्रकार होऊ शकत होते, आणि कोणत्या विभागात राखीव जागा टाकायची हे ठरवण्यात प्रशासनाच्या सोयीला वाव राहिला तर त्याचा दुरुपयोगही संभवत होता. पण त्यावरचा उपाय नागपूरच्या निकालातच सांगितलेला होता. विद्यापीठातील सर्व पदे त्यांच्या निर्मितीच्या किंवा रिक्ततेच्या क्रमाने एका यादीत लावली की कोणता बिंदू कोणत्या विषयावर पडतो हे आपोआप ठरते, ते जाहिरातीत विषयासह छापता येते आणि मागाहून बदलता येत नाही. एकक विद्यापीठाचे ठेवूनही विषयाची घोषणा करता येते, या दोन गोष्टींत विरोध नाही. अलाहाबादच्या निकालाने जाहिरातीविषयीची अट संवर्गाच्या व्याख्येत नेऊन बसवली, आणि तेथेच त्याची चूक झाली असे म्हणणे भाग आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी सर्व विद्यापीठांना विभागवार नामावली लागू करण्याचे पत्र पाठवले आणि त्याचे परिणाम काही आठवड्यांतच छापून येऊ लागले. मध्य प्रदेशात अमरकंटक येथे असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठाने ५२ अध्यापकपदांची जाहिरात काढली. त्यांपैकी ५१ खुली होती आणि एक इतर मागासवर्गासाठी. आदिवासींच्या उच्च शिक्षणासाठी संसदेने स्थापन केलेल्या विद्यापीठात आदिवासींसाठी एकही जागा नव्हती, आणि तरीही लागू असलेल्या नियमांनुसार ती जाहिरात बिनचूक होती. केंद्र सरकारने न्यायालयापुढे ठेवण्यासाठी २० केंद्रीय विद्यापीठांच्या पदांचा जो तौलनिक हिशेब केला त्यात प्राध्यापकांच्या स्तरावर अनुसूचित जातींची १३४ पदे घटून चारवर आणि अनुसूचित जमातींची ५९ पदे शून्यावर येत असल्याचे दिसले. हे आकडे बाहेर आल्यानंतर हा वाद तांत्रिक आहे असे म्हणण्याची सोय कोणालाही उरली नाही.

त्या वेळी मनुष्यबळ विकास मंत्रालयाची धुरा पुण्याच्या प्रकाश जावडेकर यांच्याकडे होती. संसदेत सर्व पक्षांच्या सदस्यांनी प्रश्न उचलून धरल्यावर सरकार विद्यापीठ हेच एकक मानण्याच्या बाजूचे असल्याचे त्यांनी सांगितले. सरकार व आयोग सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१८ मध्ये नव्या नेमणुकांना स्थगिती देण्यात आली. २२ जानेवारी २०१९ रोजी न्या. उदय लळित आणि न्या. इंदिरा बॅनर्जी यांच्या खंडपीठाने ही अपिले फेटाळली आणि २७ फेब्रुवारीला पुनर्विचाराची मागणीही अमान्य झाली. दिल्ली विद्यापीठासह अनेक ठिकाणी अध्यापक व संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ५ मार्चला भारत बंदची हाक देण्यात आली, आणि बोजड कार्यालयीन परिपत्रकांत दडलेला ‘तेरा बिंदू’ हा शब्द मोर्च्यांच्या फलकांवर आला. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हे सरकारच्या पुढील त्वरेचे एक कारण होते यात शंका नाही. पण आंदोलनाचा रेटा नसता तर न्यायालयाने बंद केलेला विषय पुन्हा उघडण्याची निकड कोणत्याही सरकारला वाटली नसती, हेही तितकेच खरे आहे.

७ मार्च २०१९ रोजी राष्ट्रपतींनी अध्यादेश काढला आणि निवडणुकीनंतर जुलै महिन्यात संसदेने ‘केंद्रीय शैक्षणिक संस्था (अध्यापक संवर्गातील आरक्षण) अधिनियम, २०१९’ मंजूर केला. या कायद्याची ताकद त्यातील एका व्याख्येत आहे. विषयाची शाखा किंवा विद्याशाखा कोणतीही असो, एकाच वेतनस्तरावर असलेल्या संस्थेतील सर्व अध्यापकांचा वर्ग म्हणजे अध्यापक संवर्ग, अशी ती व्याख्या आहे, आणि आरक्षणासाठी संपूर्ण संस्था हे एक एकक मानले जाईल असे पुढच्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. परिपत्रकात असताना न्यायालयाने जे अमान्य केले तेच संसदेने कायद्याच्या पातळीवर आणले. त्याच वर्षी १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेले आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षणही या कायद्याच्या कक्षेत आले. मात्र अल्पसंख्याक संस्थांना आणि परिशिष्टात नोंदवलेल्या काही संशोधन संस्थांना कायदा लागू नाही. त्या परिशिष्टात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था यांचाही समावेश आहे.

केंद्राचा कायदा राज्यांच्या विद्यापीठांना लागू नव्हता, आणि महाराष्ट्रात हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होता, कारण येथील राखीव प्रवर्ग तीन नाहीत. २००१ च्या राज्य आरक्षण अधिनियमाने अनुसूचित जातींना १३, जमातींना ७ आणि इतर मागासवर्गांना १९ टक्के जागा दिल्या, पण विमुक्त जातींना ३, भटक्या जमातींच्या तीन गटांना अनुक्रमे अडीच, साडेतीन व २ आणि विशेष मागास प्रवर्गाला २ टक्के दिल्या. वरचाच भागाकार येथे केला तर २ टक्क्यांच्या प्रवर्गाची एक जागा पूर्ण होण्यासाठी ५० पदांचा संवर्ग लागतो, आणि एका विषयात सहायक प्राध्यापकांची ५० पदे असलेला विभाग राज्यातील विद्यापीठांत शोधून सापडणार नाही. विषयनिहाय मोजणीत सर्वांत लहान आणि सर्वांत मागे राहिलेल्या समाजांचेच नाव नामावलीच्या टोकाला जाते. २०२१ साली राज्याने स्वतंत्र अधिनियम करून अध्यापकांचे आरक्षण संवर्गनिहाय मोजण्याची तरतूद केली, आणि एककाचा प्रश्न कायद्यापुरता महाराष्ट्रातही सुटला.

प्रत्यक्ष भरतीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. महाराष्ट्रात जाहिरात निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाला व अनुदानित महाविद्यालयाला आपली बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, आणि नियम बदलला की नामावली नव्याने करून पुन्हा तपासणीला जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १० टक्के आरक्षणाचा कायदा झाल्यावर बिंदूंची मांडणी पुन्हा बदलावी लागली. या काळात नेट, सेट आणि पीएचडी झालेले तरुण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवत राहतात; अनेकांची उमेदीची वर्षे त्यातच जातात, आणि त्यांतील राखीव प्रवर्गाच्या उमेदवाराला आपल्या विषयातील बिंदू कधी येणार हे विचारायलाही जागा नसते. दुसऱ्या बाजूने, योग्य उमेदवार मिळाला नाही असा शेरा मारून राखीव पद रिकामे ठेवण्याची जुनी रीत चालूच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अभिप्रायासाठी ठेवलेल्या मसुद्यात तर काही परिस्थितींत अशी पदे अनारक्षित करण्याची वाट दाखवलेली होती. विरोध झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारला २०१९ च्या कायद्याचा हवाला देऊन एकही राखीव पद अनारक्षित होणार नाही असे जाहीर करावे लागले.

या साऱ्या प्रवासात उमेदवाराच्या हाती कधीही न पोहोचलेली गोष्ट म्हणजे खुद्द बिंदुनामावली. तिच्यावरून खटले लढवले गेले, तिच्यासाठी बंद पुकारले गेले, तिच्यासाठी संसदेने कायदा केला; पण आपल्या विद्यापीठात कोणते पद कितव्या बिंदूवर आहे, ते कोणत्या प्रवर्गाचे आहे, कधीपासून रिकामे आहे आणि अनुशेष किती आहे, हे बहुतेक ठिकाणी माहितीच्या अधिकारात अर्ज केल्याशिवाय कळत नाही. नागपूरच्या निकालाने १९९० मध्ये जाहिरातीपुरता जो उघडपणा मागितला होता तो आता संपूर्ण नामावलीला लागू व्हायला हवा. राज्यातील प्रत्येक विद्यापीठाने आणि अनुदानित महाविद्यालयाने आपली तपासून घेतलेली बिंदुनामावली विषय, प्रवर्ग व रिक्ततेच्या तारखेसह आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, दर सहा महिन्यांनी ती अद्ययावत करावी, आणि शासनाने भरतीची परवानगी देताना हीच अट पहिली घालावी.